आठवं भोक

आमच्या सोप्यात एका खुंटीला चामड्याचा पट्टा टांगलेला आहे. हातभर लांब, दोन बोटं रुंद, एका टोकाला पितळी बक्कल. चामडं आता वाळून लाकडासारखं झालंय. घराला रंग द्यायचा निघाला की सूनबाई विचारते, "मामा, हे टाकून देऊ का?" मी म्हणतो, "राहू दे." त्या पट्ट्याला आठ भोकं आहेत. सात साज शिवणाऱ्यानं पाडलेली, एका रांगेत, एकसारख्या अंतरावर. आठवं वाकडं आहे आणि कडेनं जळालेलं आहे. ते मी पाडलंय.

माझे वडील टांगा चालवायचे. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. कऱ्हाडचं रेल्वे स्टेशन गावात नाही, ते ओगलेवाडीला. काचेच्या कारखान्याची आणि प्रभाकर कंदिलाची ती ओगलेवाडी. मिरजेकडनं किंवा पुण्याकडनं गाडी आली, की उतरलेल्या माणसाला गावात जायला टांगाच लागायचा. स्टेशनाबाहेर लिंबाखाली टांगे रांगेनं उभे असायचे. घोड्यांच्या तोंडाला तोबरे, त्यातनं हरभरे फोडल्याचा कुडूम कुडूम आवाज, लिदीचा आणि ओल्या गवताचा वास. मला तो वास अजून कुठंही आला तरी दादा आठवतात.

१९७२ च्या दुष्काळात आमचा जुना घोडा गेला. कडब्याची पेंढी बघायला मिळत नव्हती, तिथं घोड्याला चंदी कुठनं घालणार? दादा वर्षभर खडी फोडायला रोजगार हमीच्या कामावर गेले. पुढल्या वर्षी पाऊस बरा झाला आणि आईनं आपली बोरमाळ काढून दादांच्या हातात दिली. ती गहाण पडली आणि दावणीला चंद्री आली. कुमैत रंगाची, सात-आठ वर्षांची, कपाळावर रुपयाएवढा पांढरा चांद. घोडी देखणी होती आणि त्या मानानं फारच स्वस्त मिळाली. स्वस्त का मिळाली ते दुसऱ्या दिवशी टांग्याला जुंपल्यावर कळलं.

लगाम ओढला की चंद्री तोंड वासायची. चांगलं वीतभर वासायची, जीभ एका बाजूला बाहेर काढायची आणि मान वर झटकायची. दादांनी आणखी ओढलं की ती आणखी वासायची. थांब म्हटलं तर चार पावलं पुढं जाऊन थांबायची. टांग्यात बसलेली बायामाणसं घाबरायची. "अवो, घोडी खुळी हाय काय?" असं कुणीतरी म्हणायचं आणि पुढच्या खेपेला दुसऱ्या टांग्यात बसायचं. गिऱ्हाईक तुटायला लागलं. बोरमाळेचं व्याज मात्र दर महिन्याला उभंच.

रांगेतल्या एका जुन्या टांगेवाल्यानं इलाज सांगितला. "तोंड बांध तिचं. नाकपट्टी आवळ. तोंड उघडायलाच आलं न्हाई म्हंजी आपसूक गप हुतीया."

शहरातल्या वाचकांसाठी इथं थोडं सांगायला हवं. लगाम लगाम म्हणतो त्यात दोन-तीन गोष्टी असतात. तोंडात आडवं बसतं ते लोखंडी कडियाळं. त्याच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांना टांगेवाल्याच्या हातात येणाऱ्या वाद्या. आणि नाकावरनं जाऊन जबड्याखाली बांधला जाणारा जो पट्टा, ती नाकपट्टी. घोड्याचे पुढचे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये देवानं मोकळी जागा ठेवली आहे. तिथं दात नाहीत, नुसती हिरडी, आणि हिरडीखाली लगेच हाड. त्या जागेत कडियाळं बसतं, खाली जीभ. म्हणजे माणसाच्या हाताची सगळी ओढ त्या नाजूक जागेवर आणि जिभेवर येते. दुखलं तर घोडं काय करणार? तोंड उघडणार, जीभ काढून घेणार, मान झटकणार. त्याच्याकडं दुसरी भाषा नाही.

पण हे मला आज कळतं. तेव्हा मी सहावीत होतो. सकाळी शाळेच्या आधी घोडीला खरारा करायचा आणि साज चढवायचा, हे काम माझ्याकडं होतं. पट्टा नवा आणला. दादा म्हणाले, "दर आठवड्याला येक भोक आत घे. येकदम आवळू नगंस." पहिल्या आठवड्यात दुसरं भोक, मग तिसरं. चौथ्या-पाचव्या भोकाला चंद्रीचं तोंड अर्धंच उघडायला लागलं. सातव्याला बक्कल लावताना मला तिच्या जबड्याला गुडघा टेकवून ओढावं लागलं, पण तोंड जवळजवळ बंद झालं. घोडी मान खाली घालून सरळ चालायला लागली.

रांगेतली माणसं म्हणायला लागली, "घोडी वळणावर आली बरं का." दादांचा चेहरा खुलला. गिऱ्हाईक परत यायला लागलं. दादांनी एका गिऱ्हाइकाला सांगताना मी ऐकलं, "आमच्या पोरानं वळवली तिला." वर्गातला पहिला नंबर आला असता तरी मला एवढं बरं वाटलं नसतं.

मग एका रात्री दादा म्हणाले, "अजून वाईच फट राहतीया. आणिक येक भोक पाड." आरी घरात नव्हती. मी चुलीत खिळा लाल केला, सांडशीत धरला आणि पट्ट्यात खुपसला. चामडं जळाल्याचा वास घरभर झाला. आई भाकरी थापत होती. ती वळून म्हणाली, "किती आवळतासा तिला?" कुणीच उत्तर दिलं नाही.

आईनं आणखी एक गोष्ट बघितली होती. गव्हाणीत चंद्री चघळलेल्या वैरणीचे बोळे टाकत होती. लिंबाएवढे ओले बोळे, चावून चावून गिळायच्या आधीच तोंडातनं पडलेले. आई ते गोळा करताना म्हणायची, "ही खातीया का थुकतीया?" दादा म्हणाले, "दात झिजलं असत्याल." दाढांकडं कुणी बघितलं नाही. घोड्याच्या तोंडात हात घालून बघायला धीर लागतो आणि खरं सांगायचं तर गरज वाटली पाहिजे. घोडी आता त्रास देत नव्हती. त्रास न देणाऱ्या जनावराकडं कोण बघतं?

आणखी खुणा होत्या. पूर्वी साज चढवताना ती मान खाली करून द्यायची, आता माझ्या हातात पट्टा दिसला की तोंड भिंतीकडं वळवायची. चालताना कडियाळं चघळल्यानं ओठांना थोडा फेस यायचा, तो बंद झाला. डोळ्यांच्या कडांचा पांढरा भाग सारखा दिसायला लागला. नाकावरचे केस पट्ट्याखाली घासून गेले. मी हे सगळं रोज बघत होतो. बघत होतो, पण ते शांतपणाचंच लक्षण आहे असं धरून चाललो होतो.

वैशाखातली गोष्ट. लग्नसराई. स्टेशनवर दुपारच्या गाडीनं वऱ्हाडाची माणसं उतरली. तीन बाया, एक पोर, दोन ट्रंका, आणि आमच्याच गावचे दफेदारतात्या. तात्या सैन्यातनं निवृत्त झालेले. सहारनपूरला लष्कराच्या घोड्यांच्या डेपोत त्यांची निम्मी नोकरी गेली होती. सुट्टी शाळेला होती म्हणून मीही पायरीवर बसलो होतो. सकाळी आठव्या भोकात बक्कल अडकवलेलं आणि पट्टा घसरून नाकपुड्यांच्या वरच्या मऊ भागावर आलेला, हे माझ्या ध्यानात नव्हतं.

ओढा उतरून वर चढ लागतो. समोर सदाशिवगड उन्हात पांढरा पडलेला. चढाच्या निम्म्यावर चंद्रीच्या श्वासाचा आवाज बदलला. घोरल्यासारखा, फाटल्यासारखा. दादांनी चाबूक नुसता हलवला. ती आणखी पाच-सहा पावलं गेली, थरथरली आणि पुढच्या गुडघ्यांवर बसली. टांगा पुढं कलला. ट्रंका घसरल्या. एका बाईच्या कपाळाला दांडी लागून रक्त आलं. पोर रडायला लागलं. दादा उतरून घोडीला उठवायला लगाम ओढायला लागले.

"ओढू नगं!" तात्या ओरडले. एवढा मोठा आवाज त्या म्हाताऱ्या माणसात असेल असं वाटलं नव्हतं. "आदी पट्टा सोड. पट्टा!"

दादांना बक्कल निघेना. तात्यांनी खिशातनं चाकू काढला, पण तेवढ्यात मी पळत गेलो. ते बक्कल कसं अडकतं ते मलाच ठाऊक होतं. मी ते ओढून सोडलं. पट्टा निसटला आणि चंद्रीनं तोंड उघडलं. आधी एक लांब श्वास. मग ती उभी राहिली आणि जांभया द्यायला लागली. एक झाली, दोन झाल्या. जबडा डावीकडं, उजवीकडं फिरवून, डोळे मिटून, जीभ लांब बाहेर काढून. पाच, सहा, सात. मध्येच ओठ चाटायची, मध्येच गिळायची. तोंडातनं लाळ सांडली, ती तांबडी होती.

मी म्हणालो, "तात्या, हिला झोप आली व्हय?"

तात्या माझ्याकडं बघून म्हणाले, "झोप न्हवं पोरा. सकाळधरनं गिळायला मिळालं न्हाई तिला. जबडा मोकळा करतीया."

वऱ्हाडाच्या माणसांना दुसऱ्या टांग्यातनं पाठवलं. भाडं घेतलं नाही. बाईच्या कपाळाला हळद लावली. आम्ही चंद्रीला सोडून हातानं धरून घरी आणली. टांगा दादांनी आणि मी ओढत आणला. वाटेत दादा एक शब्द बोलले नाहीत.

संध्याकाळी तात्या घरी आले. चंद्रीच्या मानेवर हात फिरवत, तिच्याशी हिंदीत काहीबाही पुटपुटत त्यांनी तिची जीभ एका बाजूला धरली आणि मला कंदील जवळ आणायला सांगितला. त्या उजेडात मी जे बघितलं ते सांगतो. जिभेच्या कडेला एक जुनी, जाड झालेली चीर होती. कडियाळं मध्ये सांध्याचं होतं, झिजून त्या सांध्याला धार आली होती आणि ओढ बसली की जीभ त्यात चिमटायची. गालांच्या आत, वरच्या दाढांच्या समोर, दोन्ही बाजूंना पांढरे-तांबडे व्रण होते. घोड्याच्या वरच्या दाढांना बाहेरच्या बाजूनं टोकं येतात. तोंड मोकळं असलं तर गाल त्यापासून जरा लांब राहतो. आमच्या पट्ट्यानं तो गाल दिवसभर त्या टोकांवर दाबून धरला होता.

"ही तोंड का वासत हुती, समजलं का?" तात्या दादांना म्हणाले. "कडियाळं चिमटत हुतं म्हणून. तिनं तुला सांगितलं. तू तिचं सांगणं बंद केलंस. दुखणं तसंच ठिवलंस आन वर दुसरं दिलंस."

दादा खाली बघत म्हणाले, "पर तात्या, ती चालायला लागली हुती चांगली."

"चालंल की. तोंड बांधलेलं माणूस बी चालतं. त्यानं कबूल केलंय, असं हुतं का?"

मला रडू आलं. मी म्हणालो, "भोक मी पाडलं."

दादांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या तोंडातनं मला आयुष्यात फार थोडी वाक्यं आठवतात, त्यातलं हे एक. ते म्हणाले, "भोक तू पाडलंस, पर पाड म्हणून मी सांगितलं. ते माझ्या अंगावर हाय, तुझ्या न्हाई." आणि उठून बाहेर गेले. मला तेव्हा हलकं वाटलं. आता वाटतं, तेवढ्यानं माझं सुटलं नाही. ते बक्कल रोज माझ्या हातात होतं. गुडघा माझा होता.

पुढचे वीस दिवस टांगा उभा राहिला. दादा लोकांच्या शेतात रोजानं गेले. बोरमाळेच्या व्याजावर व्याज चढलं. तात्यांनी लांब दांड्याची कानस आणून दाढांची टोकं घासून दिली. दादा मान धरायचे, मी कंदील धरायचो. सकाळ-संध्याकाळ मिठाच्या कोमट पाण्यानं तोंड धुवायचं. वैरण मऊ, चंदी भिजवून. आठ-दहा दिवसांत गव्हाणीतले बोळे बंद झाले. आईनं ते पहिल्यांदा बघितलं आणि मला हाक मारून रिकामी गव्हाण दाखवली.

मग कडियाळं. जुनं तात्यांनी विहिरीत टाकायला लावलं. नवं आणलं ते जाडसर, गुळगुळीत, तिच्या तोंडाच्या मापाचं. ओठांना चिमटणार नाही इतपत रुंद आणि डावी-उजवीकडं सरकणार नाही इतपत बेताचं. ते चंद्रीला द्यायची तात्यांची रीत मी कधी विसरलो नाही. थंड लोखंड तोंडात घालायचं नाही, आधी हातात चोळून कोमट करायचं. त्याला गूळ लावायचा. घोडीनं आपणहून तोंड उघडेपर्यंत दाढांच्या अलीकडं अंगठा ठेवून थांबायचं. पहिले चार दिवस नुसतं कडियाळं, वाद्या नाहीत, ओढ नाही. गव्हाणीसमोर उभी राहून ती ते चघळायची, जिभेनं हलवायची, पुन्हा जागेवर आणायची.

"बग," तात्या म्हणायचे, "जबडा हलतोय न्हवं? ओठाला फेस आलाय? कान ढिलं हायत? म्हंजी तिनं लोखंड घेतलं. लगाम घोड्यानं घ्यायचा असतो, आपण द्यायचा नसतो. जबडा धोंड्यासारखा गप असला की समजायचं, आत कायतरी बिघडलंय."

दादांना त्यांनी वेगळंच शिकवलं. टांग्यात बसून लगाम धरायचा तो ओला कपडा पिळल्यासारखा नाही, हातात चिमणी धरल्यासारखा. थांबायचं असलं तर आधी तोंडानं आवाज द्यायचा, मग अंग मागं घ्यायचं, मग बोटं मिटायची. आणि घोडी थांबली की त्या क्षणी बोटं उघडायची. "सोडणं येतं त्याला धरणं येतं," असं ते म्हणायचे. दादा पन्नाशीला आलेले, पोटापाण्यासाठी पंचवीस वर्षं लगाम धरलेला माणूस. पण ते शाळेतल्या पोरासारखे शिकले. ही गोष्ट मला मोठी वाटते. आपली रीत चुकली हे कबूल करून हात बदलणारी माणसं मी नंतर शिकलेल्यांतही फारशी बघितली नाहीत.

नाकपट्टी आम्ही फेकली नाही. तात्या म्हणाले, पट्ट्याचा दोष नाही. सैल पट्टा डोक्यावरचा साज जागेवर ठेवतो, बांधायला-धरायला बरा पडतो. फक्त तो गालफडाच्या हाडाच्या खाली दोन बोटांवर असावा, मऊ नाकावर कधी उतरू नये. घोडं नाकानंच श्वास घेतं, आपल्यासारखं तोंडानं घेत नाही. आणि नाकाच्या उंच हाडावर, पट्ट्याखाली आपली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. बाजूनं घालून बघायची नाहीत, तिथं पोकळी असते, बोटं फसवून जातात. वर, हाडावर. तेव्हापासून चंद्रीचं बक्कल दुसऱ्या भोकात बसलं. टांगा लिंबाखाली उभा राहिला की दादा खाली उतरायचे आणि कुणी बघो न बघो, तिच्या नाकावर पट्ट्याखाली दोन बोटं घालून बघायचे. गंध लावल्यासारखी ती सवय झाली.

चंद्री त्यानंतर अकरा वर्षं आमच्याकडं होती. बोरमाळ सोडवायला तीन वर्षं लागली, पण ती चंद्रीच्याच कमाईतून सुटली. तिच्या नाकावर पट्ट्याच्या जागी हाडाला बोटानं कळेल असा खळगा पडला होता. तिथले केस परत आले ते पांढरे आले. कपाळावरचा चांद जन्माचा होता, नाकावरचं ते पांढरं कडं मी दिलेलं. कुणी नवखं माणूस म्हणायचं, "काय झ्याक खूण हाय हो नाकावर!" मी काही बोलायचो नाही.

पुढं टांगे गेले. रिक्षा आल्या, वडाप आलं. मी एसटीत नोकरी करून निवृत्त झालो. घोड्यांचा विषय घरातनं संपला असं वाटत होतं. पण माझी पुतणी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकून जनावरांची डॉक्टर झाली. एकदा सुट्टीला आली असताना तिला तो पट्टा दिसला. मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि मग म्हणाली, "काका, तात्यांचं हे दोन बोटांचं आता जगभर मोजतात."

तिनं सांगितलं ते असं. आयर्लंड, इंग्लंड आणि बेल्जियममधल्या स्पर्धांत उतरलेल्या ७५० घोड्यांच्या नाकपट्ट्या संशोधकांनी मोजून बघितल्या आणि २०१७ साली ते छापलं. दोन बोटं जातील एवढी सैल पट्टी फक्त ७ टक्के घोड्यांची होती. ४४ टक्के घोड्यांच्या पट्टीखाली एकही बोट जात नव्हतं. हे खेळातले, लाखमोलाचे घोडे. तिथंही कारण आमचंच. पंचांसमोर घोड्यानं तोंड वासलं तर गुण कापतात, म्हणून तोंड बांधायचं. ऑस्ट्रेलियात त्याच्या आधी १२ घोड्यांवर प्रयोग झाला. पट्टी पूर्ण आवळली की घोड्याचं काळीज जोरात धडधडायला लागलं, चघळणं जवळजवळ थांबलं. आणि पट्टी सोडल्यावर घोड्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळा जांभया दिल्या, गिळलं, ओठ चाटले. जणू अडवून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

मी म्हणालो, "जांभया?"

"हो काका. जांभया."

ओढ्याच्या चढावर उभी असलेली चंद्री माझ्या डोळ्यांसमोर आली. पाच, सहा, सात. मी उठून बाहेर अंगणात गेलो. आता आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही पट्टीखाली मोकळी जागा आहे का ते बघायला २०२५ पासून मापाचं साधन आलंय, असंही ती नंतर म्हणाली. आपल्याकडं तर १९६५ च्या नियमांतच जनावराला काटेरी कडियाळं घालायला बंदी आहे. पण घट्ट पट्ट्याला काटे नसतात. तो लांबून बघितला तर व्यवस्थितच दिसतो. त्यामुळं तो कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या आळीतल्या एका मुलाचं लग्न झालं. वरातीला पांढरी घोडी आणली होती. अंगावर जरीची झूल, कपाळाला आरशांची पट्टी, पायांत चाळ. पुढं डीजे. ती घोडी एवढ्या गोंगाटातही एखाद्या मूर्तीसारखी उभी होती. बायाबापड्या म्हणत होत्या, "किती गुणाची आहे बघा." मी जवळ गेलो. झुलीच्या आणि गोंड्यांच्या खाली तिच्या नाकाभोवती दोरी होती. तीन वेढे घालून करकचून बांधलेली. जबडा हलत नव्हता. डोळ्यांच्या कडा पांढऱ्या.

घोडीवाला पोरगा विशीचा असेल. मी त्याला म्हणालो, "बाळा, ही दोरी वाईच सैल कर."

"न्हाई आज्जा, चावती ती. तोंड उघडती लई. नवरदेव पडला म्हंजी माझ्या नावानं बोंब."

तो काही वाईट पोरगा नव्हता. त्याच्या हातात मला माझेच हात दिसले. दिवसाचं भाडं, मालकाची बोलणी, लोकांची गर्दी. मी त्याला रागावलो नाही. मी त्याला खिशातनं गुळाचा खडा काढून दिला. घोडीच्या नाकावर, उंच हाडावर दोन बोटं ठेवली आणि म्हणालो, "इथं तुझी दोन बोटं घालून बघ. नुसतं बघ."

त्यानं घातली. एकही गेलं नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग घोडीकडं. नवरदेव अजून घरात होता, औक्षण चाललं होतं. म्हणालो, "तो यायला दहा मिनिटं हायत. तेवढा येळ तरी सोड. मी धरतो हिला."

त्यानं गाठ सोडली. एक वेढा, दुसरा, तिसरा. घोडी क्षणभर तशीच राहिली. मग तिनं मान लांब केली आणि डोळे मिटून एक मोठी जांभई दिली. मग दुसरी. पोरगं हसलं. म्हणालं, "आज्जा, ही तर कटाळलीया."

मी म्हणालो, "कटाळली न्हाई. बोलतीया."

त्यानं तोंडात बघितलं की नाही, कडियाळं बदललं की नाही, मला माहीत नाही. पण वरात निघाली तेव्हा दोरीचा एकच वेढा होता आणि घोडी कडियाळं चघळत चालली होती. नवरदेव पडला नाही.

घरी येऊन मी खुंटीवरचा पट्टा खाली काढला. त्याला थोडं तेल लावलं. आठव्या भोकावरनं अंगठा फिरवला आणि परत जागेवर टांगला. सूनबाईला म्हणालो, "रंगकाम निघालं तरी हे राहू दे हं."